मूल्यमुक्त, मूल्यविरहित की मूल्यनिरपेक्ष?

प्रश्न असा आलाय: एमएच्या नोट्स मराठीत करताना 'व्हॅल्यू-फ्री' संशोधनाला, म्हणजे संशोधकाने स्वतःची चांगल्या-वाईटाची मतं निष्कर्षात न मिसळता केलेल्या संशोधनाला, काय म्हणायचं? एका पुस्तकात मूल्यमुक्त आहे, दुसऱ्यात मूल्यनिरपेक्ष, वर्गात सर मूल्यविरहित म्हणतात, तर हे तिन्ही एकच का?

माझ्या मते एकच नाहीत, आणि शब्द चुकला की अख्खा वादच चुकीचा समजतो.

मूल्यविरहित आधी बाजूला ठेवा. तो कानाला मूल्यहीनच्या इतका जवळचा लागतो की संशोधकाला काही तत्त्वंच नाहीत असं वाटतं. मूल्यमुक्तची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे 'मुक्त' कशाला लागतं बघा: कर्जमुक्त, रोगमुक्त, व्यसनमुक्त, तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव. म्हणजे जे नकोसं आहे, ज्यातून सुटका हवी, त्यालाच आपण मुक्त जोडतो. मग मूल्यमुक्त म्हटलं की मूल्यं हा एक रोग आहे आणि चांगला संशोधक त्यातून बरा झालेला असतो, असा अर्थ न सांगता आत शिरतो. ही कल्पना मांडणाऱ्या जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरला हे म्हणायचंच नव्हतं!

हा शब्द मुळात वेबरच्या जर्मन 'व्हेर्टफ्रायहाइट'वरून आलाय, त्याचा त्यावरचा निबंध १९१७ चा. पण भांडण त्याच्या आधीचं, १९०९ साली व्हिएन्नात सामाजिक धोरणावर काम करणाऱ्या जर्मन अभ्यासकांच्या संघटनेची बैठक झाली तिथे ते जोरात पेटलं. वेबरचं म्हणणं असं की 'काय आहे' हे शास्त्र सांगू शकतं, 'काय असावं' हे शास्त्राच्या नावावर खपवू नका. वर्गात तर नाहीच नाही, कारण तिथे प्राध्यापक बोलतो आणि विद्यार्थ्याला गप्प बसून ऐकावं लागतं. पण कुठला प्रश्न अभ्यासाला घ्यायचा हे आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं त्यावरूनच ठरतं, हेही तोच सांगतो, आणि नोट्समध्ये नेमका हाच अर्धा भाग गळतो.

म्हणून मला मूल्यनिरपेक्ष बरा वाटतो, पण तो कशाला लावायचा ते नीट बघून. निरपेक्ष म्हणजे ज्याला दुसऱ्या कशाची अपेक्षा नाही, जे दुसऱ्या कशावर अवलंबून नाही. त्याच्या उलट सापेक्ष. ही जोडी मराठीत तयारच आहे, तर सरळ म्हणा की प्रश्न मूल्यसापेक्ष असतो, उत्तर मूल्यनिरपेक्ष असावं.

हे मला पुस्तकातून नाही, फॉर्म भरताना कळलं. कॉलेजात असताना एका गावात सर्व्हेला गेलो होतो, एक बाई डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा घेऊन दारात आल्या, मी विचारलं, काकू काम काय करता, तर म्हणाल्या, "काय नाय बाबा, घरीच असते." मी रकान्यात 'गृहिणी' लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो. भारा अजून डोक्यावरच होता त्यांच्या. मी काही पक्षपात केला नव्हता, त्या बोलल्या तेच लिहिलं, पण काम म्हणजे पगाराचं काम हे मूल्य फॉर्ममध्ये आधीच बसलेलं होतं. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरा असं लिहिलं गेलं, ते याचसाठी. काय मोजायचं हे मूल्यांनी ठरलं. पण एकदा ठरल्यावर आकडा येईल तो येईल, आपल्याला हवा तेवढा नाही आला तरी तसाच लिहायचा. नाहीतर त्या काकूंचं काम आपण दुसऱ्यांदा पुसतो.

प्रश्न मूल्यांवरून निवडायचा आणि उत्तर मात्र येईल तसंच लिहायचं, हे दोन्ही एका माणसात जमणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी बाबासाहेबांचा जातींवरचा निबंध वाचावा, ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठातल्या सेमिनारमध्ये वाचलेला. वय २५. जातीचे चटके स्वतः सोसलेला माणूस शेवटी लिहितो की शास्त्रात भावनेला थारा नको, वस्तुनिष्ठपणे बघायला हवं, आणि माझंच म्हणणं कुणी सप्रमाण खोडून काढलं तरी मला आनंदच होईल. हा विषय त्यांनी का निवडला हे काय सांगायला हवं? २० वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच माणसाने जातिसंस्था मोडा असं उघड लिहिलं. तिथे 'काय असावं' बोलायचं होतं, ते त्यांनी शास्त्राआड न लपवता स्वतःचं म्हणून मांडलं.

तर नोट्समध्ये 'व्हॅल्यू जजमेंट'ला, म्हणजे चांगलं-वाईट ठरवण्याला, मूल्यनिर्णय, वेबरच्या त्या प्रश्न निवडण्याच्या मुद्द्याला मूल्यसंबंध, आणि 'व्हॅल्यू-फ्री'ला मूल्यनिरपेक्ष लिहा. पहिल्यांदा येईल तिथे 'निष्कर्षापुरतं' एवढा एक शब्द मात्र जोडाच. पेपरात प्रश्न मूल्यमुक्त म्हणून आला तर उत्तरात तोच शब्द ठेवा, पहिल्या ओळीत फरक सांगून टाका.