६५ सीसी गाडी ट्रेलसाठी: गार्ड नंतर, आधी लिव्हर

मुलगी १० वर्षांची, वजन ३१ किलो, हाताशी जुनी ६५ सीसी टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी. ती ट्रॅकऐवजी दगडधोंड्यांच्या जंगलवाटांवर न्यायची आहे, तर आधी कोणते गार्ड बसवू, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, गार्ड मागवायच्या आधी मुलीला बूट-हेल्मेट घालून गाडीवर बसवा आणि तिची बोटं कुठे पोहोचतात ते बघा.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझ्या मुलाच्या गाडीला मी पहिल्याच महिन्यात ॲल्युमिनियमची स्किड प्लेट (इंजिनखाली बसणारी संरक्षक पट्टी), हँडगार्ड, रेडिएटर गार्ड असं सगळं चढवलं. क्लचची लिव्हर मात्र कारखान्यातून आली तशीच ठेवली. चढावर त्याला क्लच वेळेत दाबता येईना. गाडी बंद पडायची, आडवी व्हायची, आणि वाढलेल्या वजनामुळे त्याला ती एकट्याने उचलताही यायची नाही. दुसऱ्या दिवशी तो यायला तयार नव्हता.

म्हणून लिव्हरपासून सुरुवात करा. क्लच आणि ब्रेक, दोन्ही लिव्हर त्यांच्याजवळच्या छोट्या स्क्रूने हँडलकडे आणा. ग्रिप न सोडता तिचं बोट पहिल्या पेराशी लिव्हरवर वळलं पाहिजे. मात्र लिव्हर पूर्ण दाबल्यावर क्लच खरंच सुटतो का आणि ब्रेक नीट लागतो का, हे गाडी ढकलून पाहा. मग तिला फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं करा आणि कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषा येईल इतक्या लिव्हर खाली झुकवा. क्लॅम्पखाली हँडलवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि बोल्ट असे आवळा की चालवताना लिव्हर हलणार नाही, पण पडल्यावर फिरेल. तुटलेल्या लिव्हरमुळे बऱ्याच फेऱ्या अर्ध्यावर संपतात. एक जादा लिव्हर पिशवीत ठेवाच.

मग सस्पेन्शन. मोटोक्रॉस गाडीची स्प्रिंग उड्यांसाठी असते. ३१ किलोचं मूल बसलं तर ती पुरेशी दबत नाही, गाडी दगडावरून उसळते आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. मागचं चाक हवेत असताना एक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा, मग ती पूर्ण गिअर घालून बसल्यावर पुन्हा मोजा. हा फरक एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जितकं हलू शकतं त्या अंतराच्या) साधारण एक-तृतीयांश हवा. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून बसवली आहे ते) सैल करून तो आकडा मिळतो, पण ती उतरल्यावरही गाडी स्वतःच्याच वजनाने बरीच खाली बसलेली दिसली, तर स्प्रिंग तिच्यासाठी कडक आहे. तेव्हा मऊ स्प्रिंग घ्या. माझ्या मते सगळ्या गार्डांपेक्षा हा खर्च आधी करावा.

६५ सीसीची ताकद एकदम झटक्यात येते. मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन-तीन दातांनी मोठा केला की कमी वेगात गाडी शांत चालते आणि क्लच कमी लागतो. पुढचा एक दात कमी करणं स्वस्त पडतं, पण लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त झिजते. टायरमध्ये १२ ते १४ पीएसआय हवा ठेवा. त्याहून बरीच कमी केली तर दगडावर ट्यूब चिमटून फुटते.

आता गार्ड. स्किड प्लेट जाड प्लास्टिकची घ्या. ती हलकी असते आणि दगडावरून घसरून जाते. तिच्यात चिखल साचून राहतो, तेवढा दर वेळी काढा. या गाड्यांचा एक्झॉस्ट पाइप पुढून वळून येतो, त्याला खाली पोच्या पडतात आणि मोठी पोच पडली की ताकद जाते. म्हणून पाइप गार्डही लागेल. पुढच्या स्प्रॉकेटजवळ केस सेव्हर (इंजिनची केस, म्हणजे बाहेरचं आवरण, वाचवणारा तुकडा) नसेल तर बसवा, कारण चेन सुटून तिथे गुंडाळली तर इंजिनची केसच फुटते. रेडिएटरला आधार देणारे ब्रेस हवेतच. हँडगार्ड मी मुलांना दोन्ही टोकांना बंद असलेले धातूचे लावत नाही. मूल पुढे फेकलं गेलं तर मनगट त्यात अडकू शकतं. फांद्यांसाठी उघडे प्लास्टिकचे पुरतात.

दोन गोष्टी मोटोक्रॉसवाले सांगत नाहीत. या गाडीला पंखा नसतो, त्यामुळे हळू चढावर पाणी उकळतं. थांबा, थंड होऊ द्या, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. दुसरं म्हणजे या टू-स्ट्रोक इंजिनला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये उतरलं तर इंजिन कोरडं पडू लागतं. मध्येमध्ये क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्यायला तिला शिकवा.

एअर फिल्टर धुळीच्या प्रत्येक फेरीनंतर धुवून, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल लावून बसवा. पेट्रोलने धुऊ नका, फोमचा डिंक सुटतो. जंगलात जाणार असाल तर सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या बाहेर पडू न देणारी जाळी) हवा.

तिच्या अंगावर हेल्मेट, गॉगल, खरे मोटोक्रॉस बूट, गुडघे-कोपर आणि छातीचं कवच, सगळं आजच्या मापाचं असू द्या. पुढच्या वर्षी होईल म्हणून मोठं हेल्मेट घेऊ नका.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर गाडी धुवून आडवी करा, खालून बघा, स्पोक आणि नटबोल्ट तपासा. जिथे घासल्याच्या ताज्या खुणा असतील तिथे त्यानंतरचा गार्ड लावा. त्या जागांचे फोटो इथे टाकलेत तर कुठला बसेल ते सांगतो.