गायरॉइडचा गोळा: भोक जाळीत बुजवू नका, सूत्रात बुजवा

दिव्याच्या शेडसाठी 60 मिमी व्यासाचा गायरॉइड (सूत्रातून येणारी, पुन्हा पुन्हा वळत जाणाऱ्या पृष्ठाची नक्षी) गोळा, पायथॉनमधून एसटीएल (त्रिकोणांच्या जाळीची, थ्रीडी छपाईची फाइल) काढली आणि स्लायसर (ती फाइल छपाईच्या थरांत कापणारं सॉफ्टवेअर) हजारो उघड्या कडा दाखवतोय, हा तुमचा प्रश्न. रिपेअरचं बटण दाबत बसू नका. दोष जाळीत नाहीच.

तुम्ही मिरजेचे, म्हणून तिथलंच सांगतो. तंबोऱ्याचा भोपळा कापला की त्याचं तोंड उघडं असतं. तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, बसली की ते बंद होतं. गायरॉइडचं सूत्र sin x cos y + sin y cos z + sin z cos x = 0 हा नुसता पापुद्रा आहे, त्याला जाडी नाही. गोळ्याच्या हद्दीवर तो कापला की कड उघडीच राहणार.

तेव्हा आधी जाडी द्या: सूत्राच्या किमतीचं निरपेक्ष मूल्य घेऊन त्यातून 0.3 वजा करा. आवर्तन (नक्षी पुन्हा सुरू होण्याचं अंतर) 20 मिमीचं असेल तर भिंत सव्वा मिमीच्या आसपास येते, सगळीकडे अगदी सारखी नाही. मग केंद्रापासूनचं अंतर वजा 30, आणि या दोन्हींतलं जे मोठं ते घ्या. उणे म्हणजे आत, अधिक म्हणजे बाहेर. ही झाली तबली. ग्रिड, म्हणजे ज्या बिंदूंवर सूत्राची किंमत काढायची त्यांची चौकट, मात्र 66 मिमीची ठेवा. गोळा ग्रिडच्या भिंतीला टेकला तर तिथे पुन्हा भोक पडतं.

0.3 मिमीच्या पावलाने बाजूला 220 बिंदू, म्हणजे एकूण 1 कोटी 6 लाख. फ्लोट32 मध्ये (दर बिंदूला 4 बाइट) साधारण 43 एमबी, जुना लॅपटॉपही ओढतो. पाऊल निम्मं केलंत की हिशेब आठपट.

पुढचं काम, म्हणजे या किमतींतून त्रिकोणांची जाळी काढणं, पायथॉनच्या सायकिट-इमेज लायब्ररीतलं मार्चिंग क्यूब्ज करतं. पद्धत 1987 ची, लॉरेन्सन आणि क्लाइन यांची, अजून चालते. त्याला स्पेसिंग (दोन बिंदूंमधलं अंतर, इथे 0.3) द्यायला विसरू नका. मी विसरलो होतो. एसटीएलमध्ये एकक नसतं, त्यामुळे एका घराचा एक मिमी धरला गेला आणि 60 चा गोळा 200 चा झाला. विश्रामबागेतल्या छपाईवाल्याचा फोन आला, "काका, मोसंबी म्हणालात, हे तर कलिंगड निघालं!"

शेवटी ट्रायमेश या पायथॉन लायब्ररीत जाळी वॉटरटाइट, म्हणजे कुठेही भोक नसलेली, आहे का ते बघा. आकारमान उणे आलं तर त्रिकोणांची तोंडं आत वळलीत, इन्व्हर्ट करा. गोळ्याच्या पृष्ठावरच्या धारदार कडा थोड्या बोथट दिसतील, मार्चिंग क्यूब्जचा तो स्वभावच आहे. 0.2 मिमी थराच्या छपाईत ते कळतही नाही. अगदीच खटकलं तर ड्युअल कंटूरिंगकडे (धारदार कडा जपणाऱ्या दुसऱ्या पद्धतीकडे) वळा, पण दिव्याच्या शेडसाठी मी तरी ती उठाठेव करणार नाही.