आधी जमीन, मग घुमट

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

इस्लामिक सांस्कृतिक केंद्राचे तुझे प्लॅन पाहिले. हात सफाईदार आहे. पण घुमट, मिनार, ताऱ्यांची जाळी पहिल्याच स्केचमध्ये आली आणि माती कोणती, पाऊस कुठून येतो, हे एकाही शीटवर नाही. ते मला खटकलं.

ढाक्यातल्या बैत उर रौफ मशिदीचा प्लॅन समोर घेऊन बस. वास्तुकार मरीना तबस्सुम यांचं काम. 2012 साली बांधून झालं, 2016 मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. जागा त्यांच्या आजीनं दिलेली, पैसा बेताचा, आणि जमीन किब्ल्याशी, म्हणजे नमाजाच्या मक्केकडच्या दिशेशी, 13 अंशांनी तिरकी. तू काय केलं असतंस? त्यांनी बाहेर चौरस ठेवला, त्यात वर्तुळ बसवलं आणि आतलं नमाजाचं दालन किब्ल्याकडे फिरवलं. त्या फिरवण्यातूनच चारी बाजूंना उजेडाचे चौक निघाले. अडचणीतूनच प्लॅन उभा राहिला, हे नीट बघ.

घुमट नाही, मिनार नाही. जोतं उंच, कारण पुराचा भाग. त्याच जोत्यावर वस्तीतले लोक गप्पा मारत बसतात. भिंती विटांच्या, मध्ये फटी सोडलेल्या, म्हणून वारा खेळतो. छतातल्या लहान गोल झरोक्यांतून कवडसे फरशीवर पडतात. तुझ्या जाळीतून वारा येतो का, की ती नुसती चिकटवलीय?

हे काही नवं नाही. बंगालात गाळाची जमीन, दगड दुर्मिळ. म्हणून पंधराव्या शतकात बागेरहाटच्या मशिदी विटांनी बांधल्या आणि बांबूच्या झोपडीच्या छपराचा बाक कॉर्निसला, म्हणजे भिंतीच्या माथ्याच्या पट्टीला, दिला. परंपरा तेव्हाही जागेचं ऐकतच होती.

मग दुसरीकडचा आकार घ्यायचाच नाही का? घे की. वास्तुकार आय. एम. पेई यांनी कतारमधल्या दोहाच्या इस्लामिक कला संग्रहालयासाठी (2008) कैरोच्या इब्न तुलून मशिदीतलं वजूचं (नमाजाआधी हात-पाय धुण्याचं) कारंजं आधाराला घेतलं. प्रखर उन्हात त्या साध्या घनाकारांवर सावल्या खुलतात, आणि ऊन दोहातही तसंच आहे. मात्र पुढे शेजारी टॉवर उठतील म्हणून त्यांनी कृत्रिम बेट मागून घेतलं, ते मला पूर्ण पटत नाही. सांस्कृतिक इमारतीनं शहराच्या गर्दीत उभं राहावं.

पुढच्या वेळी एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी चित्र, आणू नकोस. साइटचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, आण: भर पावसात पाणी कुठवर चढतं, दुपारी सावली कुठे असते, आणि शुक्रवारी एवढे लोक चपला कुठे काढतील.