वाचकांचे प्रश्न : बेल्ट ग्राइंडरवरील लहान चाके

सुऱ्या घडवणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच विषयाची आहेत. २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्टा चालवणाऱ्या ग्राइंडरवर ६ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत व्यासाची जी लहान कॉन्टॅक्ट व्हील बसवता येतात, त्यांची निवड कशी करावी आणि ती वापरावीत कशी, हा तो विषय. पट्टा ज्या चाकावरून वळतो आणि ज्या चाकावर काम टेकवून घासले जाते, ते कॉन्टॅक्ट व्हील. मुठीतील बोटांच्या खाचा, धार मुठीजवळ संपते तेथील छोटी खाच, मुठीपुढील आडपट्टीची आतली वळणे अशा जागी सपाट पाठीवरचा, म्हणजे मागे सपाट आधार असलेला, पट्टा पोहोचत नाही, तेथे हे चाक लागते.

प्रश्न : बाजारात सहा-सात मापांचा संच मिळतो. मला एकदम सगळा घेणे शक्य नाही. पहिल्यांदा कोणती मापे घ्यावीत?

दोन घ्यावीत. एक २५ मिलिमीटरचे आणि एक १२ मिलिमीटरच्या आसपासचे. मुठीचे जवळजवळ सर्व काम २५ मिलिमीटरच्या चाकावर होते आणि धार संपते तेथील खाच १२ मिलिमीटरच्या चाकावर होते. यांवर हात बसल्यानंतर ज्या कामात खरोखर अडचण येईल त्या कामापुरते तिसरे माप घ्यावे. ते बहुधा ३८ किंवा ५० मिलिमीटरचे निघते. ६ मिलिमीटरचे चाक संचात आकर्षक दिसते, परंतु त्याच्या अडचणी सर्वाधिक आहेत आणि त्याचे पुष्कळसे काम गोल कानशीने किंवा लाकडी दांडीला गुंडाळलेल्या पॉलिश कागदाने अधिक नीट होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माप ठरवताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. चाकावर पट्टा असतो आणि पट्ट्याला जाडी असते. पट्टा साधारण १ मिलिमीटर जाड धरला, तर १२ मिलिमीटरच्या चाकाने पडणारी खाच १२ नव्हे, १४ मिलिमीटर व्यासाची होते. मोठ्या चाकावर हा फरक जाणवत नाही, परंतु ६ मिलिमीटरच्या चाकावर तोच फरक तिसऱ्या हिश्शाइतका होतो. म्हणून कागदावर आखलेल्या वळणाच्या मापाचे चाक न घेता त्याहून थोडे लहान घ्यावे. याचा दुसरा फायदाही आहे. चाक वळणापेक्षा लहान असले म्हणजे काम चाकावरून सावकाश फिरवत वळण हवे तसे उतरवता येते आणि शेजारच्या सपाट भागात सहज मिसळवता येते. चाक आणि वळण तंतोतंत सारखे असेल, तर काम जेथे पहिल्यांदा टेकले तेथेच खाच पडते आणि ती अर्ध्या मिलिमीटरने चुकीच्या जागी पडली, तरी ती सरकवायला जागा उरत नाही.

बोटांच्या खाचांसाठी फार लहान चाक वापरू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. १२ मिलिमीटरच्या चाकाने पाडलेल्या खोल खाचांच्या मध्ये उंच कडा राहतात, त्या तळव्याला टोचतात आणि मूठ एकाच पकडीसाठी बांधली जाते. २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या चाकाने काढलेले उथळ वळण वेगवेगळ्या हातांना बसते.

प्रश्न : माझे १२ मिलिमीटरचे चाक काही मिनिटांतच हात लावता येणार नाही इतके तापते आणि त्याची बेअरिंग वारंवार जातात. बेअरिंग निकृष्ट असतील का?

बेअरिंगला दोष देण्यापूर्वी चाकाचे फेरे मोजून पाहावेत, कारण उत्तर बहुधा तेथेच सापडते. समजा, आपली मोटर मिनिटाला २,८८० फेरे घेते आणि तिच्या दांड्यावरचे पट्टा ओढणारे चाक १०० मिलिमीटरचे आहे. पट्टा घसरत नाही असे धरल्यास त्याचा वेग सर्वत्र सारखाच, सेकंदाला सुमारे १५ मीटर असतो. परंतु तोच पट्टा जेव्हा २५ मिलिमीटरच्या चाकावरून जातो, तेव्हा ते चाक चौपट म्हणजे मिनिटाला ११,५२० फेरे घेते, १२ मिलिमीटरचे चाक २४,००० फेरे घेते आणि ६ मिलिमीटरचे चाक तब्बल ४८,०००. चाक जितके लहान तितके त्याच्यात मावणारे बेअरिंगही लहान, त्यात वंगण कमी आणि उष्णता पसरायला धातूही कमी. अशा बेअरिंगकडून मिनिटाला २४,००० फेऱ्यांचे काम सलग करून घेणे अन्यायाचे आहे.

त्यावर भार किती पडतो तेही पाहावे. लहान चाकावरून पट्टा जवळजवळ पूर्ण उलटा वळतो, त्यामुळे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा ताण एकाच दिशेने चाकावर येतो; म्हणजे ताणाच्या दुप्पट जोर त्या दोन इवल्याशा बेअरिंगांवर पडतो. सपाट पाठीवर काम करताना ठेवलेला कडक ताण लहान चाक बसवल्यावर तसाच ठेवणे हे बेअरिंग लवकर जाण्याचे दुसरे मोठे कारण असते. पट्टा घसरणार नाही आणि बाजूला सरकणार नाही इतपतच ताण ठेवावा.

यावर उपाय वेग कमी करण्याचाच आहे. वेग बदलणारे यंत्र मोटरला जोडलेले असेल, तर १२ मिलिमीटरच्या चाकासाठी वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणावा. तसे यंत्र नसेल आणि पायऱ्यांच्या पुल्या असतील, तर सर्वात मंद पायरी निवडावी. मोटर एकाच वेगाची असेल, तर चाक थोडा वेळ चालवून थांबवावे, हाताने तापमान पाहावे आणि निवल्यावरच पुन्हा सुरू करावे. मंद वेगामुळे कामाला वेळ जास्त लागतो असे वाटते, परंतु लहान चाकावर काढायचे पोलाद मुळातच थोडे असते. तेथे घाईचा उपयोग नसतो आणि नुकसान मात्र लगेच होते.

बेअरिंग बदलताना त्याच्या बाजूच्या झाकणाकडे लक्ष द्यावे. रबराची टेकणारी झाकणे असलेले बेअरिंग धूळ चांगली अडवते, पण रबर घासल्यामुळे त्याची वेगाची मर्यादा कमी असते. पत्र्याची न टेकणारी झाकणे जास्त वेग सोसतात, पण धुळीला पूर्ण आडकाठी करत नाहीत. सर्वात लहान चाकांसाठी आम्ही पत्र्याची झाकणे पसंत करू आणि ती बेअरिंग झिजणारा भाग समजून जादा जोडी जवळ ठेवू. बेअरिंग खरखर करू लागले की लगेच काढावे, कारण अडकलेल्या चाकावरून पट्टा घासत गेला, तर चाकाची गोलाई कायमची बिघडते.

प्रश्न : मोठ्या चाकावर गुळगुळीत चालणारा पट्टा लहान चाकावर ठकठक करतो आणि कामावर आडव्या लाटा उमटतात. काय करावे?

ठकठक पट्ट्याच्या सांध्याची असते. सांध्यावर पट्टी चिकटवलेली असल्यामुळे तो भाग जाड आणि ताठ असतो. मोठ्या चाकावर तो सहज वळतो, लहान चाकावर वळू शकत नाही आणि प्रत्येक फेरीत एक धक्का देऊन जातो. पट्ट्याच्या पाठीचे कापड जितके ताठ तितका हा धक्का मोठा. जाड ‘वाय’ आणि मध्यम ‘एक्स’ दर्जाचे (ही अक्षरे कापडाची जाडी सांगतात) पट्टे सपाट पाठीवर भरभर पोलाद काढण्यासाठी उत्तम आहेत, परंतु लहान चाकावर ‘जे’ दर्जाचे पातळ, लवचीक कापड असलेले पट्टेच वापरावेत. ते सहसा जे-फ्लेक्स नावाने मिळतात. ताठ पट्टा लहान चाकावर जबरदस्तीने चालवला, तर त्यावरचा खडा, म्हणजे घासणारे कण, तडकून गळू लागतो आणि पट्टा पैशांच्या मानाने फारच लवकर वाया जातो.

नवीन लवचीक पट्टाही चाकावर चढवण्यापूर्वी त्याची कापडी बाजू बाकाच्या गोलसर कडेवरून दोन्ही दिशांना काही वेळा ओढून घ्यावी. पट्टे घडी घालून ठेवू नयेत, रुंद खुंटीवर मोकळे टांगावेत. एकदा पडलेली घडी प्रत्येक फेरीत सांध्यासारखीच ठोकते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण छापलेला असेल, तर पट्टा त्याच दिशेने फिरला पाहिजे.

पट्टा बदलूनही लाटा राहिल्या, तर चाक धरणारा दांडा तपासावा. तो गरजेपेक्षा जास्त पुढे काढलेला असेल किंवा त्याचा स्क्रू ढिला असेल, तर संपूर्ण चाक थरथरते. काम टेकवण्याची पट्टी चाकाच्या शक्य तितकी जवळ आणावी आणि दोन्ही कोपरे अंगाला धरून काम करावे.

चाकापेक्षा पट्टा रुंद असेल आणि अरुंद जागेत काम असेल, तर कापडी पट्टा लांबीच्या दिशेने सरळ फाटतो, याचा उपयोग करावा. कडेला पात्याने छोटी चीर द्यावी आणि हाताने फाडत जावे. निघालेली सुटी सुते कापून टाकावीत, नाहीतर ती दांड्याभोवती गुंडाळली जातात.

प्रश्न : माझ्याकडे मोठे चाक नाही. ५० मिलिमीटरच्या चाकावर पात्याचे अंतर्वक्र उतार (धारेकडे निमुळत्या होणाऱ्या, आत खोलगट बाजू) घासता येतील का?

सुरीच्या उतारांसाठी येणार नाहीत, आणि याचे कारण भूमितीत आहे. वळणाची खोली ही उताराच्या रुंदीच्या वर्गाला चाकाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागले म्हणजे साधारण मिळते. उतार २० मिलिमीटर रुंद असेल, तर २५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाने त्याच्या मध्यावर ०.४ मिलिमीटर खोली येते. ५० मिलिमीटरच्या चाकाने तीच खोली २ मिलिमीटरहून अधिक होते. आता ४ मिलिमीटर जाडीचे पाते घ्या. सपाट उतार असता त्याच्या मध्यावर प्रत्येक बाजूला १ मिलिमीटर पोलाद असते. त्यातून ०.४ मिलिमीटर काढता येते, २ मिलिमीटर काढू गेल्यास दोन्ही बाजू एकमेकींना भेटून पात्याला आरपार भोक पडते.

हेच सूत्र अरुंद कामात आपल्या उपयोगी पडते. पात्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने काढायची उथळ खोबण लहान चाकावर छान निघते. पट्ट्यासकट २७ मिलिमीटर झालेल्या २५ मिलिमीटरच्या चाकाने ८ मिलिमीटर रुंदीची खोबण सुमारे ०.६ मिलिमीटर खोल होते. त्यासाठी पात्याची लांबी चाकाच्या दांड्याला समांतर धरून पाते एका गतीने आडवे सरकवावे लागते, आणि मोकळ्या हाताने हे साधणे अवघड असल्याने पात्याची पाठ टेकेल असा आधार लावणे आवश्यक आहे.

प्रश्न : चाक रबराचे घ्यावे की पोलादाचे?

पात्याच्या खाचेसाठी पोलादाचे, कारण कडा स्वच्छ उमटतात. लाकडी मुठीसाठी रबर चढवलेले, कारण ते किंचित दबते आणि वळणावर पैलू पडू देत नाही. अगदी लहान मापांत रबराला जागाच उरत नसल्याने ती चाके बहुधा पोलादाचीच मिळतात.

प्रश्न : पाणी दिलेल्या (तापवून झटकन थंड करून कठीण केलेल्या) पात्यावर लहान चाकाने खाच काढताना ती जागा निळी झाली. पाते वाया गेले का?

सर्व पाते नव्हे, ती जागा मऊ झाली आहे. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला पाणी दिल्यानंतर त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते साधारण २०० अंश सेल्सिअसला तापवले जाते. निळा रंग सुमारे ३०० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे तेथील कठीणपणा आपण ठरवला होता त्याहून खाली उतरला. केवळ वरचा रंग घासून टाकल्याने कठीणपणा परत येत नाही. निळेपणा मुठीजवळच्या खाचेपुरताच असेल आणि धारेपर्यंत पोहोचला नसेल, तर सुरी वापरण्याजोगी आहे. धारेवर निळेपणा गेला असेल, तर मऊ भाग संपेपर्यंत धार मागे घ्यावी लागेल किंवा पात्याला पुन्हा पाणी द्यावे लागेल.

लहान चाक पोलादाला एका बारीक रेषेवर टेकते आणि सगळी उष्णता तेथेच साचते, म्हणून हे काम शक्यतो पाणी देण्यापूर्वीच उरकावे. तेव्हाही खाचेच्या आत जाड खड्याचे ओरखडे ठेवू नयेत, निदान २२० नंबरच्या पट्ट्यापर्यंत ती साफ करावी, कारण पाणी देताना तडा जातो तो बहुधा अशा ओरखड्यापासून किंवा काटकोनी कोपऱ्यापासून सुरू होतो. पाणी दिल्यानंतर काही घासणे भागच असेल, तर नवा, धारदार खड्याचा पट्टा, सर्वात मंद वेग आणि हलका हात ठेवावा, आणि पाते प्रत्येक टेकवणीनंतर पाण्यात बुडवावे. पात्याची धार काढून झालेली असेल, तर ती पट्ट्याच्या येण्याच्या दिशेला कधीही धरू नये. धार पट्ट्यात रुतली, तर पाते हातातून हिसकावले जाते.