१८७२ ची इंजिनं १९६३ पर्यंत का धावली? लंडन-ब्रायटनच्या 'टेरियर'ची गोष्ट

तुम्ही विचारलंय, की १८७० च्या दशकातली छोटी वाफेची इंजिनं इंग्लंडच्या आडमार्गांवर १९६० नंतरही गाड्या ओढत होती, ती कशी? नवी, दणकट इंजिनं हाताशी असताना ही का ठेवली?

एका शब्दात सांगायचं तर वजनामुळे. एखाद्या मार्गावर कुठलं इंजिन जाईल हे त्या मार्गावरचा सगळ्यात कमकुवत पूल ठरवतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची 'टेरियर' इंजिनं, म्हणून त्यांच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

इंजिनांचा अभियंता विल्यम स्ट्राउडली १८७० मध्ये स्कॉटलंडच्या हायलंड रेल्वेतून ब्रायटनच्या कारखान्यात आला. लंडनमध्ये त्याच्यापुढे दोन अडचणीचे मार्ग होते. एक दक्षिण लंडनचा, जिथे थोड्या थोड्या अंतरावर स्टेशनं. दुसरा ईस्ट लंडन मार्ग, जो ब्रुनेलच्या थेम्सखालच्या बोगद्यातून जायचा आणि जिथले रूळ हलके होते. त्यासाठी त्याने सहा चाकी टँक इंजिन काढलं. टँक इंजिन म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा (टेंडर) मागे जोडलेला नाही, पाणी बॉयलरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांत आणि कोळसा मागच्या छोट्या कप्प्यात. सहाही चाकं एकमेकांना जोडलेली, प्रत्येकाचा व्यास ४ फूट. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर फक्त १२ फूट, त्यामुळे तीव्र वळणावरही अडत नाही. टाक्यांत ५०० गॅलन, म्हणजे सुमारे २,२७० लिटर पाणी. सगळं मिळून वजन २५ टनांच्या आत. १८७२ ते १८८० दरम्यान अशी ५० इंजिनं बांधली गेली. धुराड्यातून निघणारा आवाज तुटक, भुंकल्यासारखा, म्हणून टेरियर जातीच्या छोट्या कुत्र्यावरून नाव पडलं टेरियर. रंग मोहरीसारखा पिवळा, पण स्ट्राउडलीच्या कागदोपत्री त्याचं नाव 'सुधारित इंजिन हिरवा'! टाकीवर सोनेरी अक्षरांत लंडनच्या वस्त्यांची नाहीतर दक्षिणेतल्या गावांची नावं: वॉपिंग, पॉप्लर, स्टेपनी, बॉक्सहिल. आणि आत केबिनमध्ये त्या इंजिनाच्या ड्रायव्हरचं नाव रंगवलेलं. एक इंजिन, एक ड्रायव्हर अशी पद्धत होती. या इंजिनांच्या दीर्घायुष्यात त्या पद्धतीचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्या नावाच्या इंजिनाचं बेअरिंग कोणी कोरडं राहू देत नाही.

आता थोडं आतलं. सिलिंडरमधून बाहेर पडणारी वाफ बहुतेक इंजिनं धुराड्यातून सोडून देतात. स्ट्राउडलीने त्यातली काही वाफ परत टाक्यांतल्या पाण्यात सोडली. बोगद्यात वाफ कमी कोंडते आणि बॉयलरला आयतं गरम पाणी मिळतं, म्हणजे कोळसा वाचतो. पण मग पाणी बॉयलरमध्ये ढकलायचं कसं? नेहमीचा इंजेक्टर गार पाण्यावर चालतो. वाफेचा झोत गार पाण्यात विरतो, त्यातून मिळालेल्या वेगावर ते पाणी बॉयलरच्या दाबाविरुद्ध आत घुसतं. पाणी आधीच गरम असेल तर वाफ पुरती विरत नाही, इंजेक्टर फसफसतो आणि पाणी खालच्या ओव्हरफ्लोमधून रुळांवर सांडतं. म्हणून त्याने क्रॉसहेडला, म्हणजे पिस्टनच्या दांड्याबरोबर पुढे-मागे सरकणाऱ्या ठोकळ्याला, जोडलेले पंप बसवले. पिस्टन हलला की पंप हलतो. यात खोट एकच, पण मोठी: इंजिन उभं असेल तर पंप बंद. सिग्नलला फार वेळ थांबावं लागलं आणि बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीतली पातळी उतरत चालली, तर इंजिन थोडं पुढे-मागे करूनच पाणी भरायचं. दुसरी खोट झडपांची. टाकीतली कचकच झडपेखाली अडकली की बॉयलरमधलं पाणी उलटं येतं, पंप तापतो आणि मग काही उचलतच नाही. पुढे यातल्या कित्येक इंजिनांवर इंजेक्टर आले. १९११ पासून, स्ट्राउडलीच्या जागेवर पुढे आलेल्या मार्शच्या काळात, बऱ्याच टेरियरना नवे बॉयलर आणि पुढे वाढवलेला स्मोकबॉक्स (धुराड्याखालचा धुराचा कप्पा) मिळाला, वाफ टाकीत सोडायची व्यवस्थाही निघाली. वजन सुमारे २८ टनांवर गेलं, तरी एका ॲक्सलवर दहा टनांहून कमीच.

लंडनच्या गाड्या जड झाल्या, १९०९ मध्ये दक्षिण लंडन मार्गावर वीज आली, आणि टेरियर तिथे कमी पडू लागल्या. पण त्याआधीच १८९६ चा लाइट रेल्वे कायदा आला होता. स्वस्तात रूळ टाका, फाटकं-सिग्नल कमी ठेवा, मात्र वेग साधारण ताशी २५ मैल आणि ॲक्सलवरचं वजन मर्यादित, असा तो मामला. अशा कंपन्यांकडे नव्या इंजिनाला पैसे नव्हते. सेकंडहँड टेरियर त्यांना अगदी नेमकी बसली. 'पॉप्लर' १९०१ मध्ये रॉदर व्हॅली रेल्वेने (पुढची केंट अँड ईस्ट ससेक्स) घेतली आणि तिचं नाव 'बोडियम' ठेवलं. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या वाइट बेटावरही काही गेल्या. एकसारखी ५० इंजिनं असल्यामुळे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लागायचे, हा फायदा किरकोळ नव्हता.

केंट-ससेक्सच्या मार्गावर टेंटरडन गावाजवळचा चढ ५० ला १ आहे, म्हणजे ५० फूट पुढे गेलं की १ फूट वर. तिथे या इंजिनाची मर्यादा कळते. बाजूच्या टाक्यांतलं पाणी चाकांवर भार देतं, पण ते वापरलं जाईल तसा भार घटतो; शेवटच्या टप्प्यात रूळ ओले असले की चाकं जागच्या जागी फिरतात. मग रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारी झडप) लगेच बंद करायचा, रुळांवर वाळू सोडायची आणि हळूच पुन्हा उघडायचा. खरी काळजी माथ्यावर. ५० ला १ च्या चढात बॉयलरच्या दर मीटर लांबीला पाण्याची पातळी २ सेंटिमीटरने बदलते. धुराडं पुढे ठेवून चढताना पाणी मागे, भट्टीच्या छतावर साचतं, आणि काचनळी मागे असल्यामुळे भरपूर पाणी दिसतं. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं आणि भट्टीचं छत उघडं पडू शकतं. चौरस इंचाला १५० पौंड दाबाला पाणी-वाफेचं तापमान १८५ अंशांच्या आसपास असतं, तेवढ्यात तांब्याचं छत सुरक्षित. पाणी हटलं की ते झपाट्याने तापतं, छतात बसवलेली शिशाची सुरक्षा-गुडदी ३२७ अंशांना वितळते आणि वाफ आगीवर कोसळते. छोट्या बॉयलरमध्ये शिल्लक पाणीच थोडं, म्हणून माथ्याच्या आधी पाणी भरून घेणं हे फायरमनचं पहिलं काम.

थंड इंजिन पेटवतानाही घाई चालत नाही. भट्टी तांब्याची, बाहेरचं कवच लोखंडाचं-पोलादाचं. तापल्यावर तांबं जास्त वाढतं. आग एकदम वाढवली तर दोन्हींना सांधणारे स्टे आणि नळ्यांची टोकं गळू लागतात. काही तास मंद आगच हवी. आणि हलण्यापूर्वी सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडायचेच. आत साचलेलं पाणी दबत नाही, पिस्टन त्यावर आदळला की सिलिंडरचं झाकण फुटतं नाहीतर रॉड वाकतो.

आता १९६३. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या हेलिंग बेटाकडे जाणारा मार्ग लँगस्टनच्या लाकडी पुलावरून समुद्राची खाडी ओलांडायचा. त्या पुलावर टेरियरपेक्षा जड इंजिनाला परवानगीच नव्हती. ठिणगीने लाकूड पेटू नये म्हणून या इंजिनांच्या धुराड्यांवर ठिणगी अडवणारी टोपरी बसवलेली असायची. दिसायला बेढब, पण गरजेची. पूल दुरुस्त करणं परवडेना, म्हणून नोव्हेंबर १९६३ मध्ये मार्गच बंद झाला. टेरियर तोवर धडधाकट होत्या.

हेच गणित आपल्याकडेही मांडलं गेलं. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला गेलेल्या बार्शी लाइट रेल्वेसाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉपने ३० पौंडी (यार्डाला ३० पौंड वजनाचे) हलके रूळ वापरले आणि इंजिन असो की डबा, एका ॲक्सलवर ५ टनांहून जास्त भार येऊ दिला नाही. गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फुटांचं, इंजिनं अगदी वेगळी, पण विचार तोच.

पन्नासातल्या दहा टेरियर आजही आहेत. 'बॉक्सहिल' यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची. 'स्टेपनी' ससेक्समधल्या, जुन्या गाड्या जपणाऱ्या ब्लूबेल रेल्वेने १९६० मध्ये घेतली, तिथलं ते पहिलं इंजिन. १८७२ ची 'फेनचर्च'ही तिथेच आहे. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलेली 'ब्रायटन' आता वाइट बेटावर 'न्यूपोर्ट' या नावाने आहे. तिच्याच शेजारची 'फ्रेशवॉटर' मधली काही वर्षं हेलिंग बेटावरच्या एका पबबाहेर पाटीसारखी उघड्यावर उभी होती. 'वॅडन' कॅनडात, मॉन्ट्रियलजवळच्या संग्रहालयात आहे. 'बोडियम' टेंटरडनलाच, त्याच ५० ला १ च्या चढाच्या मार्गावर.