पहिली शेतीशाळा घेताय?

दादा, पहिल्याच दिवशी भाषण नको, बियाणं हातात द्या. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी सगळ्यांसमोर उघडा आणि कोंब शेतकऱ्यांनाच मोजू द्या. 70 निघाले तर एकरी 30 किलो पुरतं; कमी निघाले तर बियाणं वाढवायचं. आमच्या गावात माणसं घरचं बियाणं पेरायला लागली ती ही गुंडाळी बघून, घडीपत्रिका वाचून नाही.

बीबीएफचंही, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी करून पेरायच्या पद्धतीचंही, तसंच. एकाच वावरात निम्मं रुंद वरंब्यावर, निम्मं नेहमीसारखं पेरा. मोठा पाऊस झाला की सगळ्यांना बांधावर न्या, दोन्हींतला फरक त्यांनाच बघू द्या. आणि बायकांना बोलवाच, घरात बियाणं त्याच जपतात.