ओला हॉप, ओल्या शेंगा आणि आलं

कसबा बावड्यातल्या एका वाचकांचा पुतण्या अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा भागात असतो. सप्टेंबरात तिथं हॉपची, म्हणजे बिअरला चव आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांची, तोडणी चालू असताना त्यानं 'वेट हॉप एल' या जातीची बिअर चाखली आणि काकांना फोनवर विचारलं, हिला मराठीत काय म्हणायचं? काका म्हणाले, 'ओल्या हॉपची एल'. त्यावर घरच्या ग्रुपवर एकानं 'भिजवलेल्या हॉपची' अशी दुरुस्ती केली, दुसऱ्यानं 'ताज्या हॉपची'. शिवाय चव कडू म्हणावी की तुरट, हाही वाद पडला. निवाडा मागितलाय.

काका बरोबर. भिजवलेल्या? हॉप म्हणजे काय मटकी आहे, रात्री भिजत घालायला?

ओला म्हणजे पाण्यात बुडवून काढलेला, एवढंच हल्ली डोक्यात उरलंय. टॉवेल ओला, छत्री ओली, हे शेंबड्या पोरालाही कळतं, ते सोडा. पण कपिलतीर्थ मंडईत ओल्या शेंगा मागितल्या तर मावशी शेंगांवर तांब्या ओतून देते का? पांढऱ्या रश्श्याला ओलं खोबरं, कांदा-लसूण मसाल्याला सुकं. ओली हळद, ओले काजू, ओला चारा. इथं ओला म्हणजे अजून न वाळवलेला, अंगच्या रसासकट असलेला. आणि हॉपचं नेमकं तेच आहे. वेलीवरून उतरवलेल्या हॉपच्या बोंडात वजनाच्या जवळजवळ 80 टक्के पाणी असतं. एरवी तो भट्टीत वाळवतात, पाणी 10 टक्क्यांच्या आसपास आणतात, मग तो वर्षभर टिकतो. या हंगामी एलसाठी मात्र भट्टी टाळून बोंडं दिवसभराच्या आत थेट कढईत जातात. पाण्याचंच वजन जास्त, म्हणून सुक्याच्या चारपाच पट घालावी लागतात.

'ताजा' का नको? कारण काल वाळवलेला हॉपही ताजाच. तिकडचे बिअरवालेसुद्धा 'फ्रेश' या शब्दावरून भांडतात, कुणी तो ओल्याला लावतं, कुणी नुकत्याच वाळवलेल्याला. आपल्याकडे नेमका शब्द घरात पडलेला असताना त्यांचं भांडण इकडं कशाला आणायचं?

आता खरी गंमत. ओला आला संस्कृत 'आर्द्र'वरून. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृत व्याकरणात यासाठी एक सूत्रच खर्ची घातलंय : आर्द्रचं उल्ल होतं, ओल्ल होतं, नाहीतर अल्ल होतं. ओल्लचा झाला ओला. आणि अल्ल? ते गेलं भाजीच्या टोपलीत. आर्द्रक, अल्लअ, आलं! चहात ठेचून टाकता ते आलं म्हणजे शब्दशः 'ओलं'. तेच वाळवलं की सुंठ, आणि सुंठीच्या मागे जो 'शुण्ठ्' धातू उभा आहे त्याचा धातुपाठातला अर्थ आहे सुकणे. एकाच कंदाची दोन नावं, एक नुसतं 'ओलं', दुसरं नुसतं 'सुकं'. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी चहा गार होऊ दिला होता. म्हणून दुकानात 'फ्रेश आलं' अशी पाटी दिसली की माझं टाळकं सरकतं. ओलं नसेल तर ते आलं कसलं?

निपाणीचे एक स्नेही यावर दरवेळी हटकतात. आमच्याकडे कन्नडमध्ये आल्याला 'अल्ल'च म्हणतात, म्हणजे शब्द आमचा, तुम्ही उचलला. अहो, तेलुगूतही 'अल्लम' आहे, मग त्यांनी कुणाचा उचलला? प्राकृतातलं अल्ल निपाणीच्या बाजारात जसंच्या तसं राहिलंय, हा तुमच्या बाजाराचा मोठेपणा. मालकी त्यानं सिद्ध होत नाही. ओल्याचं मूळ 'उद' म्हणजे पाण्यात शोधणारे एक निवृत्त गुरुजीही आहेत. त्यांना एवढंच विचारतो की मग आल्याचं काय करता? ते विषय बदलतात. सुंठीवाचून खोकला जातो.

याच्या उलट्या टोकाला 'जिंजर एल' पाहून 'एल' हा शब्दच 'आलं'वरून आला म्हणणारे महाभाग. नाही हो. तो जुन्या इंग्रजीतल्या 'एआलु'चा वंशज. लिथुआनियात त्याचा भाऊबंद 'आलुस'. आणि स्वीडनमध्ये बिअरला चक्क 'ओल'सारखं काहीतरी म्हणतात! ओली पार्टी करणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये, निव्वळ योगायोग आहे. तसं पाहिलं तर 'हॉपची एल' हेच जुन्या इंग्रजांना खटकलं असतं. पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून हॉप येऊन रुळला, तेव्हा हॉप घातलेली ती बिअर आणि बिनहॉपची ती एल, असा तिथं भेद होता.

चवीचं राहिलंच. तुरट नव्हे, तुरट आवळा, तुरट सुपारी, जीभ आवळून धरणारं. उकळलेल्या हॉपचा गुण कडू, कारल्याच्या जातीचा. ओल्या हॉपच्या एलमध्ये त्यावर हिरवा वास चढतो, नुकत्या कापलेल्या गवताचा. हॉप भांगेच्या कुळातला आहे हे कळलं की त्या वासाचं नवल वाटत नाही.

पुतण्या दिवाळीला येताना बाटली आणतो म्हणतोय, असं काकांनी शेवटी लिहिलंय. त्याला सांगा, तिथंच पी. हा वास मुरत नाही, उडतो. ओल्या शेंगा पिशवीत दीड महिना ठेवून कुणी पाहुण्यांपुढं ठेवतं का?